उन्हाळी चित्रशिबिर: मुलांच्या कागदाला हात लावावा का?

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे लोकवर्गणीवर चालणारं एक छोटं कलादालन आहे. एक मोठी खोली, एक व्हरांडा, मागे थोडी मोकळी जागा. सुट्टीत तिथे मुलांचं दहा दिवसांचं चित्रशिबिर असतं. तीन वर्षं मी नुसती मदतीला जायचे, यंदा सगळी आखणीच गळ्यात पडलीय. मुलं २०, वय ६ ते १२, मोठी माणसं मला धरून ४, रोज अडीच तास.

खरं तर सामानाची यादी विचारायला धागा काढणार होते. पण आधी एक गोष्ट सांगून टाकते, वर्षभर डोक्यातून जात नाहीये.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी प्रदर्शन होतं. आदल्या संध्याकाळी चित्रं लावताना एका सात वर्षांच्या मुलीचं मांजर हातात आलं. तोंड समोरून, अंग बाजूने, चारही पाय एका ओळीत, कंगव्याच्या दातांसारखे. पोट आरपार दिसत होतं आणि त्यात तीन पिल्लं, तिघांनाही मिशा. शेपटीकडे पाणी जास्त झाल्यामुळे कागदाचे तंतू उठले होते. ती अजून घरी गेली नव्हती, बाजूलाच उभी होती. मी म्हटलं, "थांब हं, जरा नीट करू या." तिच्या हातातला ब्रश घेतला, पोट राखाडी रंगाने भरलं, दोन पाय मागे सरकवले. मांजर मांजरासारखं दिसायला लागलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी तिची आई फोटो काढत होती. "तुझ्या चित्राजवळ उभी राहा ना," म्हणाली. मुलगी म्हणाली, "माझं आत आहे." मला वाटलं, आतल्या खोलीत आणखी एखादं असेल तिचं. रात्री घरी भांडी घासताना उमगलं की ती रंगाच्या आत म्हणत होती.

तर विचारायचं हे: मुलाच्या कागदावर मोठ्या माणसाने हात चालवावा का? आणि शेवटी प्रदर्शन असलं की तो चालवावासा वाटतोच, मग प्रदर्शनच नको का? सामानाबद्दल तर सांगाच.

दोन_पिल्लं

वाचून पोटात कालवलं गं. पण तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, खरं सांगते.

प्रदर्शनाबद्दल आईच्या बाजूने बोलते. माझी मोठी मागे एका शिबिराला जायची. चार दिवस रिकाम्या हाताने घरी. काय केलं विचारलं की "रंग बघितले." पाचव्या दिवशी मी तिथल्या बाईंना जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या म्हणाल्या, मुलं निळ्याच्या छटा करतायत, मोजून झाल्या की दाखवतील. मला तेव्हा ती थाप वाटली. शेवटी तिने ३४ निळ्या पट्ट्या चिकटवलेला एक लांबच लांब कागद आणला आणि प्रत्येक पट्टीला नाव दिलेलं. एकीचं नाव होतं "दात घासतानाचा निळा". तो कागद अजून कपाटाच्या दारावर आहे.

पण पहिल्या दिवशी कुणी दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या ना, तर माझं डोकं फिरलं नसतं. पालकांना आधी सांगा, एवढंच.

खडूवाला

रेघोटी ताई, तीस वर्षं चित्रकला शिकवून आता घरी बसलोय. तुमच्या मांजराबद्दल थोडं बोलू द्या.

पोटातली पिल्लं दिसणं ही चूक नाही. त्या वयात मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. ल्युके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने शंभरेक वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जमवून हेच मांडलं. भिंत असूनही घरातली माणसं दिसतात, चपलेतली बोटं दिसतात. कलाशिक्षणाचा अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्डने १९४७ साली वयाप्रमाणे टप्पे मांडले ते आजही शिक्षकांना शिकवतात. दोन ते चार गिरगोट्या, चार ते सात माणसाचं डोकं आणि त्यालाच फुटलेले पाय, सात ते नऊ ठरलेल्या आकृत्या, खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी. आणि नवाच्या पुढे खरी गोची सुरू होते, कारण तेव्हा मुलाला स्वतःलाच कळायला लागतं की आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं एक उत्तर नाही. सहा-सातच्या मुलाला काहीही "नीट" करून दाखवायची गरज नाही. पण दहाच्या मुलाने येऊन विचारलं, "सर, हात कसा काढायचा?", आणि तुम्ही म्हणालात, "तुला हवा तसा काढ रे", तर तुम्ही त्याला वाऱ्यावर सोडलंत. ते पोर पुढच्या वर्षी चित्र काढायचं सोडून देतं. मी अशी खूप पाहिली. मोकळीक देतोय या समाधानात आपण असतो, आणि मूल मात्र मदत मागून थकलेलं असतं.

माझी रीत सांगतो. खिशात नेहमी कोऱ्या कागदाचे तुकडे. मुलाने विचारलं की त्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या तुकड्यावर काढून दाखवायचं. मूठ म्हणजे आधी एक ठोकळा, मग बोटं. दाखवून झालं की तो तुकडा चुरगळून परत खिशात. तुकडा तिथेच ठेवलात तर मूल तो बघून उतरवतं. खिशात गेला की त्याला आठवून काढावं लागतं आणि आठवताना ते त्याचं होतं.

तिरकस

सर, सगळं मान्य, पण "मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही" ही जरा सोवळी भूमिका होत नाही का? फ्रेंच चित्रकार मातीस म्हातारपणी कात्री घेऊन रंगीत कागद कापून चित्रं करायचा, ती चित्रं आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. ते कागद गुआशने (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगाने) रंगवून द्यायला त्याचे मदतनीस होते. चित्र कुणाचं? मातीसचंच ना?

आणि "मुक्त बालकला" म्हणतात तिचंही फार कौतुक नको. फ्रान्झ चिझेकने व्हिएन्नात १८९७ मध्ये मुलांचा चित्रवर्ग काढला, मुलांना नक्कल करायला लावायचं नाही म्हणून जगभर नाव झालं. पण त्या वर्गातली चित्रं समोर ठेवली तर एकाच घराण्याची वाटतात. त्याने हात लावला नसेल, आवड तर कळवलीच. "वा" म्हणणं हासुद्धा हात लावणंच आहे.

खडूवाला

तिरकस, मातीसचं उदाहरण माझ्याच कामाला आलं. कागद कुठल्या रंगाचा हे तो सांगायचा, मदतनीस नव्हेत. मुलाने "मला इथे धरून ठेवा" म्हटलं तर धरा, "हे झाकण उघडा" म्हटलं तर उघडा, सगळा कागद पिवळा करून द्या म्हणालं तर तेही करून द्या. हुकूम त्याचा आहे तोवर तुम्ही मदतनीस.

"वा" बद्दल मात्र शंभर टक्के सहमत. ती सवय सुटायला मला वीस वर्षं लागली. आता मी जे दिसतं तेवढंच बोलतो. "इथे तू ब्रश दाबलास, इथे नुसता टेकवलास." मूल लगेच पुढचं सांगायला लागतं.

रेघोटी

सर, खिशातला तुकडा ही युक्ती मी आजच वहीत लिहून ठेवली. तिरकस, "वा" म्हणणं हासुद्धा हात लावणं हे जरा लागलंच मला. गेल्या वर्षी मी दिवसाला शंभर वेळा म्हटलं असेल.

अवांतर: बक्षिसांचं काय करू? कलादालनाच्या समितीतल्या एका काकांचा आग्रह आहे की पहिले तीन नंबर काढायचेच.

निळीशाई

बक्षिसं नकोत. भावनिक कारणाने म्हणत नाहीये, यावर प्रयोग झालाय. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी तीन ते पाच वर्षांची ५१ मुलं घेतली, सगळी मुळातच स्केचपेनने आवडीने चित्रं काढणारी. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला न सांगता नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती मांडून ठेवली आणि लांबून पाहिलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आपणहून चित्र काढण्यात इतरांच्या साधारण निम्माच वेळ घालवत होती. अचानक मिळालेल्यांवर असा परिणाम नव्हता.

काकांना हा प्रयोग सांगा. नाहीच ऐकलं तर वीसच्या वीस मुलांना शेवटच्या दिवशी, आधी अवाक्षर न काढता, एकेक चांगला ब्रश द्या.

आता उन्हाळी शिबिर आहे तर उन्हाचा उपयोग करा की! सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर निळे ठसे उमटवायचे. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने समुद्रशेवाळाचे निळे ठसे त्याच पद्धतीने काढायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्हीची वेगवेगळी द्रावणं, समभाग मिसळून मंद उजेडात कागदाला लावायची आणि अंधारात वाळवायची. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून आदल्या रात्री उरकायचं. द्रावण मुलांच्या हातात द्यायचं नाही आणि त्याच्या आसपास कुठलंही आम्ल ठेवायचं नाही.

मुलांना मिळतो कोरडा पिवळट-हिरवा कागद. त्यावर पान, पीस, जाळी, कात्री, स्वतःचा हात, काय हवं ते ठेवायचं आणि ऊन. कडक ऊन असेल तर पाच ते पंधरा मिनिटं. रंग करडा, राखाडीसर झाला की पाण्यात. पिवळं वाहून जातं आणि खालून निळा वर येतो. एक दिवसभर तो आणखी गडद होत राहतो. आधी एका छोट्या पट्टीवर वेळ तपासून घ्या, नाहीतर वीस कागद फिके निघतील आणि वीस चेहरे पडतील.

दोन_पिल्लं

निळीशाई, आमच्या लेकीला हे कळलं तर ३५वा निळा आलाच म्हणायचा.

भिंतखिळा

प्रदर्शनं लावणं हाच माझा धंदा, म्हणून दोन शब्द. मंडळी कागदाबद्दल, मनाबद्दल बोलतायत, पण शिबिरं फसतात ती वाळवण्याच्या जागेवरून.

साधा हिशोब करा. ए३ कागद ४२ बाय २९.७ सेंमी, म्हणजे जवळपास पाऊण हातभर जागा... छे, नीट सांगतो, ०.१२५ चौरस मीटर. वीस मुलांनी दिवसाला तीन चित्रं काढली तर ६० कागद, साडेसात चौरस मीटर. म्हणजे एका लहान खोलीची सगळी जमीन, पाय ठेवायला जागा न सोडता. दोरीवर लटकवाल तर ओला पोस्टर कलर ओघळतो. जाड लावला असेल तर वाळून तडकतो, मग गुंडाळताना खपल्या पडतात. आधी सपाट, चिकटपणा गेला की दोरीवर.

कागद: झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरमागे इतके ग्रॅम वजन) फक्त पेन्सिलीला. पोस्टर कलरला निदान १५०, पाणी भरपूर वापरणार असतील तर २०० च्या पुढे. तुमच्या मांजराच्या शेपटीचे तंतू उठले ना, त्यात त्या मुलीचा काही दोष नव्हता. कागद हलका होता.

आणि प्रदर्शन ठेवा, पण मुलांसाठी लावा. आम्ही मोठ्यांच्या नजरेला चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर धरतो. सात वर्षांच्या मुलाला तिथे मान वर करून बघावं लागतं. तुम्ही ११० च्या आसपास लावा. पालक वाकतील. वाकू देत. स्केचपेनचे रंग उजेडात फार लवकर उडतात, म्हणून ती चित्रं खिडकीसमोर नकोत.

सावलीतली

हे ११० सेंमीचं फार आवडलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मूकवाचक

बरीच वर्षं फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. दोन शिबिरांतून त्याला अर्ध्यात परत आणावं लागलं. दोन्ही ठिकाणची माणसं वाईट नव्हती. पहिल्या ठिकाणी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे तळवे रंगात बुडवून ठसे घ्यायचे होते. त्याला ओलं, बुळबुळीत हाताला लागलेलं सहन होत नाही. ताईंनी प्रेमानेच हात धरला. पुढचं लिहीत नाही.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी. बसायची जागा रोज तीच असू द्या, टेपने खूण करा. आज काय काय होणार ते चित्रांच्या पट्टीवर लावा, आणि एक झालं की ते उलटं करून ठेवा. मातीला हात लावायचा नसेल तर काठी, चमचा, पिशवीच्या आतून दाबणं, काहीही चालू द्या. आणि खोलीच्या कोपऱ्यात एक जागा अशी हवी की तिथे गेलेल्या मुलाला कुणी "काय झालं?" विचारणार नाही.

त्याला कात्री मात्र फार आवडते. वर मातीसचं वाचून त्याला ती चित्रं दाखवली. बराच वेळ बघत होता.

खडूवाला

मूकवाचक, लिहिलंत ते फार बरं केलंत. तळव्याचे ठसे पहिल्या दिवशी मीही वर्षानुवर्षं घेतले. किती पोरं आतल्या आत आखडली असतील, माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

रेघोटी

मूकवाचक, टेप आणि उलटी करायची पट्टी सगळ्यांसाठीच करते. वीसातल्या निम्म्यांना तरी "आता पुढे काय?" हा प्रश्न दर दहा मिनिटांनी पडतोच. कोपरा व्हरांड्यात होईल.

समितीच्या काकांना ५१ मुलांचा प्रयोग सांगितला. ते म्हणाले, "आमच्या वेळी नव्हते असले प्रयोग." पण ब्रशला तयार झाले.

तिरकस

आता माझी खरी तक्रार. कलादालनात शिबिर आहे, मग भिंतीवरच्या चित्रांचं काय? बहुतेक ठिकाणी मुलं त्यांच्याकडे पाठ करून दहा दिवस फुगे आणि फुलपाखरं रंगवतात. मग शाळेच्या वर्गातच घ्या की शिबिर.

रोज एकच चित्र, दहा मिनिटं. माहिती सांगायची नाही. फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन यांनी तीन प्रश्नांची पद्धत बसवली, ती पुरते. या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय सापडतंय? बास. उत्तर चूक-बरोबर ठरवायचं नाही, फक्त मूल ज्या जागेबद्दल बोलतंय तिथे बोट दाखवायचं, लांबून. ओला ब्रश हातात असताना अर्थातच नाही, भिंतखिळा रागावतील.

भिंतखिळा

रागावेनच. बघायचं ते आधी, हात कोरडे असताना. चित्रापासून एक मीटरवर जमिनीला टेप, बसायचं टेपच्या अलीकडे. आणि पिशव्या पाठीवर नकोत. मुलं वळतात तेव्हा त्यांच्या पिशव्या त्यांच्यापेक्षा अर्धं वर्तुळ जास्त फिरतात.

सावलीतली

पालकांना आत येऊ द्यायचं की नाही, यावर कुणीच बोललं नाहीये. माझं मत: नाही. मी स्वतः वाईट पालक आहे, खिडकीतून खुणा करते.

रच्याकने (जाता जाता), न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात व्हिक्टर डॅमिको नावाच्या शिक्षकाने १९४२ साली मुलांसाठी कला-जत्रा सुरू केली होती, त्यात मोठ्यांना प्रवेशच नव्हता. दारही मुलांच्या आकृतीच्या आकाराचं कापलेलं. पहिल्या दालनात हाताळायची, रंग-उजेडाशी खेळायची खेळणी, मग दुसऱ्या दालनात ईझल (चित्र टेकवायच्या घोड्या) आणि चिकटकामाची टेबलं. म्हणजे शाळेतून, रस्त्यातून, आईच्या ओरड्यातून आलेलं मूल आधी जरा निवायचं, मग कामाला लागायचं. १९६३ मध्ये ही जत्रा दिल्लीतही आली होती.

दोन_पिल्लं

खिडकीतून खुणा करणाऱ्यांत मीही. +१.

निळीशाई

सामानाची यादी राहिलीच की. माझ्याकडून थोडं:

रंग कमी द्या. दोन पिवळे, दोन निळे, दोन लाल, पांढरा. काळा पहिले चार दिवस कुलपात. दोन-दोन का, तर अल्ट्रामरीन निळा लालकडे झुकतो, त्यात पिवळा घातला की मळकट, शेवाळी हिरवा येतो. हिरव्याकडे झुकणारा थॅलो निळा आणि लेमन पिवळा घेतला की लखलखीत. मुलं हे स्वतःच शोधतात आणि मग एकमेकांना दबक्या आवाजात सांगतात. बारा रंगांची डबी दिली की हा शोधच बंद.

अ‍ॅक्रिलिक टाळा. वाळला की त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो, कपड्यातून निघत नाही, ब्रशही मरतात. पोस्टर कलर बरा. बसकी, रुंद बुडाची भांडी, एकतृतीयांशच भरलेली. एक धुवायला, एक स्वच्छ. टर्पेंटाइन, उग्र वासाचे मार्कर, फवारायचा गोंद, यातलं काहीच नको. चिकटवायला खळ किंवा पांढरा गोंद.

मातीकाम असेल तर शेवटी खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, झाडलं की ती हवेत उडून छातीत जाते.

खडूवाला

मातीची आणखी एक गोष्ट. मुलं हत्तीला सोंड नुसती दाबून चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी सोंड टेबलावर पडलेली. दोन्ही बाजूंना काटकीने रेघा ओढायच्या, मध्ये पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. हे मात्र शिकवायचं, आधीच शिकवायचं. इथे "तुला हवं तसं कर" नाही चालत. माती कुणाचं ऐकत नाही.

तिरकस

सर, हे वाक्य मी माझ्या नावावर खपवणार आहे.

रेघोटी

मंडळी, शिबिर कालच संपलं. हात अजून निळे आहेत (हातमोजा फाटला होता, निळीशाई, ओरडू नका).

सगळं सांगत बसत नाही. पहिल्या दिवशी तळवे नाहीत, टेपच्या खुणा, आणि प्रत्येकाने आपली जागा आपल्या चिन्हाने सजवायची. एकाने नुसता ठिपका काढला आणि दहा दिवस त्याला सगळे "ठिपका" म्हणत होते. सायनोटाइपच्या दिवशी ढग आले. पंधरा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं आणि तेवढा वेळ वीस मुलं हाताची घडी घालून आभाळाकडे बघत बसली. कुणी हललं नाही, कारण हललं तर पान हलेल. इतकी शांतता त्या व्हरांड्यात मी कधी ऐकली नव्हती. काळा रंग पाचव्या दिवशी कुलपातून काढला तेव्हा टाळ्या वाजल्या आणि पुढच्या तासाभरात निम्मी चित्रं काळीठिक्कर. तो दिवस वाया गेला असं मला वाटलं, मुलांना नाही.

तीन प्रश्नांनी सुरुवातीला सपाटून मार खाल्ला. "काय चाललंय?" तर "काही नाही." चौथ्या दिवशी एका मुलीने भिंतीवरच्या निसर्गचित्रात दरवाजाची एक बारीक रेघ शोधली. तीन वर्षं मी ते चित्र रोज बघतेय, मला ती कधी दिसली नव्हती. त्यानंतर दहा मिनिटं पुरेनात.

ती गेल्या वर्षीची मुलगी आली होती. आता आठ वर्षांची. मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, "गेल्या वर्षी तुझ्या मांजरावर मी रंग लावला, तो लावायला नको होता." ती म्हणाली, "बरं." एवढंच. मी जरा जास्तच काहीतरी अपेक्षा धरून बसले होते.

सहाव्या दिवशी तिने हाक मारली. मांजर झोपलेलं कसं काढायचं ते तिला हवं होतं. मी खिशातून तुकडा काढला, पाय पोटाखाली कसे जातात ते काढलं, चुरगळून खिशात टाकला. तिने माझ्या खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "परत दाखव, पण हळू." तीनदा दाखवलं. तिच्या कागदावरचं मांजर झोपलंय की पसरून पडलंय ते सांगता येत नाही, पण पाय आत आहेत. पोट यंदाही आरपार आहे. पिल्लं पाच झालीत.

प्रदर्शन ठेवलं. ११० सेंमीवर. प्रत्येकाने आपलं एकच चित्र निवडायचं, आणि नाही द्यायचं तर नाही द्यायचं. तिघांनी नाही दिलं, त्या जागा रिकाम्या ठेवल्या, टेपची चौकट करून. लेबलं मुलांनी सांगितली तशी शब्द न बदलता लिहिली. समितीचे काका वाकून वाकून वाचत होते, शेवटी खाली मांडीच घातली त्यांनी. तिच्या लेबलवर होतं: "मांजर झोपलंय. आतली जागी आहेत."

मूकवाचक

आमचाही एक रिपोर्ट. घराजवळच्या एका शिबिरात हा धागा छापून नेऊन दिला. मुलगा सात दिवस गेला. आठव्या दिवशी नको म्हणाला, मग नाही नेलं. कात्रीने कापलेले जवळपास दोनशे तुकडे घरी आहेत, आकाराप्रमाणे लावलेले. चिकटवायचे नाहीत, असं सांगितलंय.

दोन_पिल्लं

मूकवाचक, सात दिवस! रेघोटी, फोटो टाक ना. आणि दोरीला कुठल्या क्लिपा वापरल्यास? आमच्या सोसायटीत करायचं म्हणतोय.

रेघोटी

मुलांच्या चित्रांचे फोटो त्यांना आणि घरच्यांना विचारून मगच टाकेन. क्लिपा प्लॅस्टिकच्या घे. आधी लोखंडी वापरल्या होत्या, त्यांचा गंज ओल्या कागदाच्या कोपऱ्यावर उतरला. दर कागदाला दोन, आणि वर दहा-बारा जास्तीच्या ठेव. मुलं त्या नाकाला लावून बघतात आणि घरी नेतात.